हिपॅटायटिस बीचा विषाणू आणि प्रथिनांवरील शर्करा

हिपॅटायटिस बी या विषाणूच्या जनुकद्रव्यात अवघी सुमारे ३,२०० अक्षरे आहेत. आणि एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्याने मानवजातीत जो पसारा मांडला आहे त्याची मोजदाद जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ सालापुरती केली, तेव्हा हा संसर्ग कायमचा जडलेल्या माणसांची संख्या सुमारे २५ कोटी ४० लाख भरली, त्या एका वर्षात त्याच्यापायी ११ लाख माणसे दगावली असा अंदाज निघाला, आणि एकट्या भारताच्या वाट्याला जवळजवळ ३ कोटी संसर्गित आले. ज्या रोगावर परिणामकारक लस निघून चाळीस वर्षे होऊन गेली, ज्याच्या विषाणूची जनुकरचना अक्षरन् अक्षर वाचली गेली आहे आणि ज्याची वाढ रोखून धरणारी औषधेही उपलब्ध आहेत, तो रोग एकदा यकृतात मुरला की क्वचितच समूळ बरा होतो. संशोधकांचे लक्ष स्वाभाविकपणे विषाणूच्या जनुकांकडे, त्याच्या प्रतिलेखक विकराकडे आणि यकृतपेशीच्या केंद्रकात दडून बसणाऱ्या त्याच्या वर्तुळाकार डीएनएकडे राहिले. त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना जडलेल्या शर्करेच्या साखळ्यांकडे मात्र पुष्कळ काळपर्यंत एक गौण बाब म्हणून पाहिले गेले. ती गौण नाही, किंबहुना विषाणूचे पेशीतून बाहेर पडणे, प्रतिपिंडांची नजर चुकवणे आणि रक्ततपासणीत निसटून जाणे या तिन्ही गोष्टींचा उलगडा तिच्यावाचून होत नाही, असे माझे मत आहे, आणि ते कशाच्या आधारावर बनले हे सांगण्यासाठी हा आढावा घेत आहे.

प्रथिनावर शर्करा जोडण्याच्या या क्रियेला ग्लायकोसिलेशन म्हणतात, आणि ती विषाणूच्या हातात नाही, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे. विषाणूचे प्रथिन यकृतपेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत घडत असतानाच पेशीचे विकर त्याच्यावर चौदा घटकांची एक तयार शर्करासाखळी बसवतात, जिच्यात दोन एन-ॲसिटिलग्लुकोसामीन, नऊ मॅनोज आणि टोकाशी तीन ग्लुकोज असतात. आणि ती बसते ती कोठेही नव्हे, तर जेथे अस्पॅराजीन हे अमिनो आम्ल, त्यापुढे प्रोलीनखेरीज कोणतेही एक आम्ल आणि त्यापुढे सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम आढळतो तेथेच. मग ग्लुकोसिडेज नावाचे दोन विकर टोकाचे ग्लुकोज एकामागून एक छाटू लागतात, आणि एकच ग्लुकोज उरले असता कॅल्नेक्सिन व कॅल्रेटिक्युलिन ही सहायक प्रथिने त्या शर्करेला धरून प्रथिनाची घडी नीट बसेपर्यंत त्याला सोडत नाहीत. जुन्या घाटवाटेवरील जकातचौकीत मालाच्या गोणीवर मोहोर पाहिल्यावाचून बैल पुढे हाकता येत नसे, तसाच हा बंदोबस्त आहे. घडी बिघडलेल्या प्रथिनाला पुन्हा एक ग्लुकोज लावून माघारी फिरवले जाते, आणि वारंवार संधी देऊनही जे सुधारत नाही त्याची मॅनोजसाखळी छाटून त्याची रवानगी विघटनाकडे होते. ज्यांना मोकळीक मिळते ती प्रथिने पुढे गॉल्जीपिंडात जातात, तेथे त्यांच्या शर्करेवर गॅलॅक्टोज व सियालिक आम्ल चढते, आणि काहींवर सेरीन किंवा थ्रिओनीनला थेट जोडलेली दुसऱ्या जातीची, म्हणजे ओ-प्रकारची, लहान शर्करासाखळीही बसते.

आता विषाणूच्या आवरणाकडे वळू. बरुक ब्लूमबर्ग यांनी १९६३ साली, रक्तातील प्रथिनांत माणसागणिक काय फरक असतो याचा शोध घेत असताना, ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तद्रवात जो अपरिचित प्रतिजन पाहिला आणि ज्याचे वृत्त १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले, तो याच आवरणाचा अंश होता. १९७० साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ४२ नॅनोमीटर व्यासाचा पूर्ण विषाणूकण ओळखला, आणि ब्लूमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाच्या रक्तात या पूर्ण कणांच्या हजारपट, कधी लाखपट संख्येने २२ नॅनोमीटरचे गोल कण व तंतू फिरत असतात. त्यांत जनुकद्रव्य मुळीच नसते, फक्त आवरणाची प्रथिने असतात, आणि शरीराच्या प्रतिपिंडांना गुंतवून ठेवण्याचे काम ते करतात असे मानले जाते. हे आवरण एकाच जनुकपट्ट्यातून निघणाऱ्या तीन प्रथिनांचे बनलेले आहे. २२६ अमिनो आम्लांचे लघुप्रथिन हा तिघांचाही समान शेवट असतो. त्याच्या पुढच्या टोकाला ५५ आम्लांचा प्री-एस-२ हा भाग जोडला की मध्यमप्रथिन होते, आणि त्याच्याही पुढे प्री-एस-१ जोडला की दीर्घप्रथिन.

शर्करेच्या जागा मोजक्याच आहेत. तिन्ही प्रथिनांना समान असलेल्या लघुभागात १४६व्या स्थानी एक अस्पॅराजीन आहे, मध्यमप्रथिनात प्री-एस-२ च्या आरंभी चौथ्या स्थानी दुसरे. चौथ्या स्थानाची शर्करा मध्यमप्रथिनावर नेहमी बसते. पण तोच क्रम जसाच्या तसा असलेल्या दीर्घप्रथिनावर ती कधीच बसत नाही, कारण दीर्घप्रथिनाचा पुढचा भाग घडतेवेळी पेशीरसाच्या बाजूला राहतो, जेथे शर्करा जोडणाऱ्या विकराची पोच नसते. १४६व्या स्थानाची कथा याहून वेगळी आहे. तेथे शर्करा बसते, पण अर्ध्याच रेणूंवर. उरलेले अर्धे नागवेच राहतात. प्रयोगशाळेत आवरणाची प्रथिने वेगळी केली तर लघुप्रथिन २४ आणि २७, मध्यम ३३ आणि ३६, दीर्घ ३९ आणि ४२ किलोडाल्टन अशा जोड्यांनीच दिसते, आणि प्रत्येक जोडीतला तीन किलोडाल्टनांचा फरक हा १४६व्या स्थानच्या एका शर्करासाखळीचा असतो. सामान्य ग्लायकोप्रथिनांत अशी निम्मी-निम्मी वाटणी इतक्या सातत्याने सहसा आढळत नाही, आणि ज्या सातत्याने ती पिढ्यान् पिढ्या टिकली आहे त्यावरून ती निव्वळ योगायोगाची नसावी असा तर्क करणे भाग पडते.

ओ-प्रकारच्या शर्करेची जागा प्री-एस-२ मधील ३७व्या थ्रिओनीनवर आहे, आणि ती सर्व विषाणूंत नाही. जर्मन संशोधकांनी १९९९ आणि २००४ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून असे दिसून आले की ‘डी’ जनुकप्रकाराच्या मध्यमप्रथिनावर ही शर्करा असते आणि ‘ए’ जनुकप्रकारात, ३७व्या स्थानी थ्रिओनीनच नसल्यामुळे, ती नसते. भारतात, पश्चिम भारतासह, हेच दोन जनुकप्रकार प्रामुख्याने आढळतात. म्हणजे आपल्याकडच्या रुग्णांत शर्करेच्या बाबतीत एकमेकांहून भिन्न असे दोन विषाणू शेजारी शेजारी नांदत आहेत. जपानमध्ये या ओ-शर्करेला ओळखणारे प्रतिपिंड तयार करून पूर्ण विषाणूकण आणि पोकळ कण यांत भेद करण्याची पद्धत पुढे आली. जपानमध्ये प्राबल्य असलेल्या ‘सी’ प्रकारात ती शर्करा असल्यामुळे हे तेथे साधले. ‘ए’ प्रकाराचे रुग्ण पुष्कळ असलेल्या देशात तीच पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, ही गोष्ट उपकरणे आयात करणाऱ्यांनी वेळीच ध्यानात घ्यावी.

१४६व्या स्थानच्या अर्ध्या शर्करेचे प्रयोजन काय, या प्रश्नाचा सर्वात कसोशीने पाठपुरावा पॅरिसच्या राष्ट्रीय रक्तसंक्रमण संस्थेतील कामिय सुरो यांच्या गटाने केला. त्यांनी हिपॅटायटिस डी या विषाणूचाही उपयोग केला, आणि ही निवड मोठी मार्मिक होती. कारण तो विषाणू स्वतःचे आवरण बनवूच शकत नाही, हिपॅटायटिस बीचेच आवरण पांघरून तो बाहेर पडतो, आणि त्यामुळे आवरणातील फेरबदलांचा परिणाम दोन वेगवेगळ्या विषाणूंवर तोलून पाहता येतो. १४६वे अस्पॅराजीन बदलून शर्करा काढून टाकली तेव्हा प्रथिन घडण्यात अडचण आली नाही, पोकळ कण बाहेर पडत राहिले आणि हिपॅटायटिस डीचे कणही बाहेर पडले. हिपॅटायटिस बीच्या पूर्ण कणांची निर्यात मात्र खालावली. शर्करेची जागा त्याच भागात अन्यत्र हलवली तर काही ठिकाणी तिने आपले काम चालू ठेवले. पण शर्करा काढलेले आवरण प्रतिपिंडांना अधिक सहज सापडते असे दिसले, आणि उलट बाजूने शर्करेची भर घातली तर कणांची संसर्गक्षमता घटते असेही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांकडे एकत्रितपणे पाहिले की निम्म्या वाटणीचा अर्थ लागू लागतो. शर्करा मुळीच नसेल तर कण धड बाहेर पडत नाही आणि उघडा पडतो. शर्करा फार झाली तर ज्या भागाने यकृतपेशीला चिकटायचे तो भागच झाकला जातो. निसर्गनिवडीने या दोन हानींच्या मध्ये जो तोल साधला तो म्हणजे अर्धे झाकलेले आणि अर्धे उघडे आवरण होय, असे मला वाटते. एड्सच्या किंवा फ्लूच्या विषाणूंवर शर्करेचे जे दाट कवच असते त्याच्याशी याची तुलना करून याला नुसते ‘ढाल’ म्हणणे हे त्यामुळे अपुरे ठरते.

मध्यमप्रथिनाच्या चौथ्या स्थानच्या शर्करेचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि तेथे या विषयातील सर्वांत मोठी आशा व सर्वांत मोठा पेच एकाच वेळी उभे राहतात. ब्लूमबर्ग १९८९ ते १९९४ या काळात ऑक्सफर्डच्या बेलियल महाविद्यालयाचे प्रमुख होते, आणि त्याच विद्यापीठात रेमंड ड्वेक यांची शर्कराजीवशास्त्राची संस्था होती. ब्लूमबर्ग, ड्वेक आणि टिमथी ब्लॉक यांनी सहकाऱ्यांसह १९९४ साली दाखवून दिले की ग्लुकोसिडेज विकरांना रोखणाऱ्या एका इमिनो शर्करेने यकृतपेशींतून हिपॅटायटिस बीच्या पूर्ण कणांचे बाहेर पडणे थांबते, पोकळ कणांचे मात्र चालूच राहते. टोकाची ग्लुकोज छाटली गेली नाहीत की कॅल्नेक्सिनला पकड मिळत नाही, मध्यमप्रथिनाची घडी बिघडते, आणि ती बिघडली की सगळा कणच अडकून राहतो, अशी त्यांची उपपत्ती होती. १९९७ साली त्याच गटातील आनंद मेहता यांनी शर्करेच्या एकेका जागेचा स्वतंत्र विचार करून चौथ्या स्थानची शर्करा हीच निर्णायक आहे असे दाखवले, आणि १९९८ साली जर्मनीत मध्यमप्रथिन कॅल्नेक्सिनला याच शर्करेमार्फत चिकटते याचा स्वतंत्र पुरावा मिळाला. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतील वुडचक या खारीच्या कुळातील प्राण्यावर, ज्याला हिपॅटायटिस बीच्या जवळच्या नात्यातील विषाणूचा दीर्घकालीन संसर्ग होतो, वरील इमिनो शर्करेच्या एका भावंडाचा औषध म्हणून प्रयोग होऊन त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण उतरले. विषाणूला न छेडता, त्याला ज्या यंत्रणेची गरज आहे ती पेशीची यंत्रणाच किंचित आखडती घ्यायची, म्हणजे विषाणूला उत्परिवर्तन करून औषधातून निसटण्याची मुभाच राहणार नाही, ही कल्पना त्या काळी फार आकर्षक वाटली, आणि तिचे तात्त्विक सौंदर्य आजही कमी झालेले नाही.

पेच असा की फोल्कर ब्रुस आणि डॉन गॅनेम यांनी १९९१ सालीच सिद्ध केले होते की पूर्ण विषाणूकण घडण्यास लघु आणि दीर्घ ही दोनच प्रथिने पुरेशी असतात. मध्यमप्रथिन अजिबात नसले तरी कण बनतो, आणि पुढे असेही दिसले की असा कण पेशीला संसर्गही करू शकतो. ज्या प्रथिनावाचून काहीच अडत नाही त्याच्या एका शर्करेवाचून सगळेच कसे अडते? दोन्ही प्रयोगांची सचोटी मान्य करूनच याचे उत्तर शोधले पाहिजे, आणि मला पटणारे उत्तर असे आहे की मध्यमप्रथिनाचा अभाव निरुपद्रवी असतो, परंतु घडी बिघडलेले मध्यमप्रथिन आवरणात शिरले तर ते आपल्या शेजारच्या प्रथिनांनाही अडवून धरते. वुडचकवरील औषध हे शर्करेच्या अभावाने नव्हे, तर बिघडलेल्या प्रथिनाच्या उपद्रवाने काम करत असले पाहिजे. बुखारेस्टच्या जीवरसायन संस्थेतील नोरिका ब्रान्झा-निकिता यांच्या गटाने या दिशेने महत्त्वाची भर घातली. ग्लुकोसिडेज रोखल्यावरही जे थोडे कण बाहेर पडतात त्यांच्या आवरणाची रचना व संसर्गक्षमता बदललेली असते असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले; आणि २०१२ साली असे, की विषाणूचा संसर्ग पेशीतील विघटनाची यंत्रणा स्वतःच वाढवतो व त्यामुळे आवरणाच्या प्रथिनांचा अतिरिक्त साठा मर्यादेत राहतो. पेशी मरू न देता तिच्यात दीर्घकाळ वस्ती करायची असेल तर उत्पादन आवरते घेणे हेही विषाणूच्या हिताचे आहे, हे या कामाने सूचित होते.

ग्लुकोसिडेज रोखणारी ही औषधे हिपॅटायटिस बीसाठी प्रत्यक्ष वापरात आली नाहीत. त्यांतील एक, मिग्लुस्टॅट, गौशे रोगावर मान्य झाले, पण ते तेथे वेगळ्या कारणाने उपयोगी पडते. आणि आतड्यातील शर्करा पचवणारे विकरही त्याच्या तडाख्यात सापडत असल्याने अतिसार हा त्याचा नित्याचा उपसर्ग आहे. दरम्यान विषाणूच्या प्रतिलेखक विकराला थेट रोखणाऱ्या, रोज एक गोळी घ्यावयाच्या औषधांनी क्षेत्र व्यापले. त्यांना पसंती मिळाली याला मी दोष देत नाही.

विषाणूच्या प्रवेशाच्या बाजूकडे वळल्यास तेथे यजमान पेशीच्या शर्करेचा प्रश्न येतो. यकृतपेशीच्या पृष्ठभागावर हेपॅरन सल्फेट नावाच्या ऋणभारित दीर्घ शर्करासाखळ्या प्रथिनांना जडलेल्या असतात, आणि विषाणूचा पहिला, ढिला स्पर्श त्यांनाच होतो, हे हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २००७ साली दाखवले. सुरो यांच्या गटाने पुढे आवरणावरील १२२व्या आर्जिनीनला आणि १४१व्या लायसीनला या स्पर्शासाठी आवश्यक ठरवले. ही दोन्ही स्थाने १४६च्या शर्करेच्या अगदी निकट आहेत, आणि शर्करा वाढली की संसर्गक्षमता घटते याचे कारण येथेच असावे असे म्हणण्यास त्यामुळे बळ मिळते. खरा, घट्ट ग्राहक २०१२ साली बीजिंगमध्ये ली वेनहुई यांच्या प्रयोगशाळेने हुडकून काढला. तो म्हणजे पित्ताम्ले यकृतपेशीत ओढून घेणारे एनटीसीपी हे प्रथिन होय. या ग्राहकाची वाट विषाणूला अडवणारे बुलेव्हिर्टाइड हे औषध युरोपात २०२० साली हिपॅटायटिस डीसाठी सशर्त मान्य झाले. हे एनटीसीपीही स्वतः पाचव्या व अकराव्या स्थानी शर्करा बाळगते. ती शर्करा विषाणूच्या प्रवेशाला आवश्यक आहे असे २०१७ साली एका गटाने, आणि आवश्यक नाही असे २०१८ साली दुसऱ्या गटाने लिहिले. शर्करा काढली की एनटीसीपी पेशीच्या पृष्ठभागावर कमी पोचते, त्यामुळे संसर्गातील घट ही शर्करेच्या थेट अभावाची की प्रथिनाच्या टंचाईची हे निवडणे कठीण होते. वाद बव्हंशी या एका संदिग्धतेचा आहे, आणि औषधनिर्मितीच्या दृष्टीने त्याचे मोल थोडे.

प्रतिकारशक्तीच्या संदर्भात मात्र शर्करेचे महत्त्व निर्विवाद आहे. १९९० साली इटलीत, विषाणूवाहक मातेला झालेल्या आणि जन्मतः लस दिलेल्या एका बालकात १४५व्या ग्लायसीनच्या जागी आर्जिनीन आलेला विषाणू आढळला. लसीने निर्माण केलेले प्रतिपिंड त्याला ओळखत नव्हते. हे स्थान १४६च्या शर्करेला लागून आहे. आता हे उत्परिवर्तन विषाणूला फुकट पडत नाही, त्याने पूर्ण कणांचे बाहेर पडणे मंदावते. आणि अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात शुपिंग टाँग व जॅक वँड्स यांच्या गटाने जे शोधले ते या क्षेत्रातील सर्वांत बोलके निरीक्षण आहे असे मी समजतो. १३१व्या स्थानी अस्पॅराजीन असलेल्या विषाणूंत १३३व्या मेथिओनीनच्या जागी थ्रिओनीन आले की शर्करेची एक नवी जागा तयार होते, आणि ती नवी शर्करा बसली की १४५च्या बदलामुळे अडलेले कण पुन्हा बाहेर पडू लागतात. म्हणजे एका बदलाने विषाणू प्रतिपिंडांपासून सुटतो व त्यात पंगू होतो, आणि दुसऱ्या बदलाने मिळवलेली शर्करा त्याचे पंगुत्व दूर करते, शिवाय आणखी थोडा भाग झाकतेही. चीनमधील संशोधकांनी २०१४ साली ज्या रुग्णांत विषाणूचा प्रतिजन आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड दोन्ही एकाच वेळी सापडतात, ज्या गोष्टी सामान्यतः एकत्र नांदत नाहीत, त्यांच्या विषाणूंची जनुकरचना पाहिली. तेव्हा आवरणाच्या मुख्य जलस्नेही भागात अशा जादा शर्करेच्या जागा निर्माण करणारी उत्परिवर्तने तेथे ठळकपणे आढळली.

या बाबीचा रक्तपेढ्यांशी थेट संबंध आहे. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक रक्तपिशवीची हिपॅटायटिस बीच्या पृष्ठ-प्रतिजनासाठी तपासणी सक्तीची आहे, आणि ही तपासणी प्रतिपिंडांच्या साहाय्याने होते. ज्या विषाणूने आपल्या आवरणावर जादा शर्करा चढवली तो रुग्णाच्या प्रतिपिंडांप्रमाणेच तपासणीच्या प्रतिपिंडांच्याही नजरेतून निसटू शकतो. प्रतिजन सापडत नाही पण डीएनए सापडतो अशा अव्यक्त संसर्गाची कारणे अनेक आहेत आणि त्या सर्वांचा ठपका शर्करेवर ठेवणे अन्यायाचे होईल. तथापि तपासणीसंच निवडताना तो अशा उत्परिवर्तित विषाणूंवर पारखलेला आहे की नाही याचा दाखला मागणे हे अवाजवी नाही.

लसीच्या इतिहासाने या चर्चेला एक आश्चर्यकारक कलाटणी दिली आहे. १९८१ सालची पहिली लस वाहकांच्या रक्तातून काढलेल्या पोकळ कणांची होती व तिच्यातील प्रथिनावर माणसाच्या पेशीने चढवलेली शर्करा होती. पाब्लो व्हालेन्झुएला आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली लघुप्रथिन यीस्टमध्ये घडवले, आणि १९८६ साली अशी यीस्टमधील लस वापरात आली, जी जनुकतंत्राने बनवलेली मानवासाठीची पहिलीच लस होय. यीस्टमध्ये घडलेल्या या लघुप्रथिनावर शर्करा नसते, आणि तरीही ती लस उत्तम संरक्षण देते. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली स्वदेशी लस बाजारात आणली तेव्हा तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही यीस्टवर आधारलेली लस तयार केली, आणि भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०११ सालापर्यंत ती देशभर समाविष्ट झाली. कोट्यवधी बालकांचे रक्षण शर्करेवाचूनच्या प्रथिनाने केले, यावरून शर्करा निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. उलट सुरो यांनी दाखवल्याप्रमाणे शर्करेने जो भाग झाकला जातो तो नागव्या प्रथिनात पूर्णपणे उघडा असतो, आणि प्रतिकारशक्तीला तोच भाग नीट शिकता येतो, हे यीस्टलसीच्या यशाचे एक कारण असणे शक्य आहे. प्राण्याच्या पेशीत बनवलेली, तिन्ही प्रथिने असलेली शर्करायुक्त लस इस्रायलमध्ये पूर्वीपासून होती आणि अमेरिकेत २०२१ साली मान्य झाली. जे लोक यीस्टलसीला प्रतिसाद देत नाहीत त्यांच्यासाठी तिची बाजू घेतली जाते. ऑस्ट्रेलियात २०१५ साली झालेल्या प्रयोगांत तर जादा शर्करा चढवलेल्या कणांनी उंदरांत अधिक जोमदार प्रतिसाद निर्माण केला. नैसर्गिक संसर्गात जी शर्करा विषाणूचे संरक्षण करते तीच लसीत योग्य जागी बसवली तर रोगप्रतिकारक पेशींना आकृष्ट करू शकते. शर्करा किती यापेक्षा ती कोठे आणि कोणत्या जातीची, हा प्रश्न निर्णायक ठरतो. शर्करेची जात किती महत्त्वाची याचे उदाहरण म्हणजे रॉटरडॅम येथे २००८ साली असे आढळले होते की विषाणूवरील मॅनोज छाटले गेले नाही तर डेंड्रायटिक पेशींवरील एक ग्राहक त्याला चटकन पकडतो, आणि पेशीने मॅनोज छाटल्यावर ती पकड सुटते.

विषाणूच्या शर्करेइतकीच रुग्णाच्या स्वतःच्या प्रथिनांची शर्कराही बोलकी आहे. यकृताचा कर्करोग उद्भवला असता आल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाच्या शर्करेच्या मुळाशी फ्यूकोज नावाचा एक जादा घटक बसतो, आणि मसुरीच्या डाळीत असणारे एक लेक्टिन, म्हणजे शर्करेला धरणारे प्रथिन, नेमके त्यालाच चिकटते. या गुणावर आधारलेली एल-३ ही चाचणी सिरोसिसमधील साध्या वाढीपासून कर्करोगाला वेगळे काढण्यास साहाय्य करते. ब्लॉक आणि मेहता यांनी २००५ साली वुडचक व माणूस या दोहोंच्या रक्तात फ्यूकोजयुक्त प्रथिने शोधून जीपी-७३ हे प्रथिन या संदर्भात पुढे आणले, आणि जपानमध्ये २०१३ साली विस्टेरिया या वेलीच्या लेक्टिनने यकृताची तंतुमयता मोजण्याची चाचणी वर्णिली गेली. उपचाराच्या बाजूनेही शर्करेची एक नवी उपयुक्तता सिद्ध होत आहे. गिल्बर्ट ॲशवेल आणि ॲनाटॉल मोरेल यांना अमेरिकेत यकृतपेशीवर गॅलॅक्टोज ओळखणारा जो ग्राहक सापडला, त्याच्या आधाराने आता विषाणूचे संदेशवाहक आरएनए नष्ट करणारी औषधे एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामीनला जोडून नेमकी यकृतात पोचवली जातात, आणि त्यामुळे रुग्णाच्या रक्तातील पृष्ठ-प्रतिजन मोठ्या प्रमाणात उतरतो.

आपल्याकडे या रोगाचा अभ्यास करण्यास सामग्री कमी नाही. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था कित्येक दशके काविळीच्या विषाणूंवर काम करत आली आहे, २८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ब्लूमबर्ग यांच्या जन्मतिथीला, सुरू झालेल्या राष्ट्रीय यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमातून रुग्णांची नोंद होत आहे, आणि ‘ए’ व ‘डी’ या दोन जनुकप्रकारांची तुलना जितक्या सहजतेने येथे करता येईल तितक्या सहजतेने जपान किंवा चीनमध्ये करता येणार नाही. म्हणून माझी विनंती अशी आहे की येथे जेव्हा जेव्हा विषाणूच्या पृष्ठजनुकाची रचना वाचली जाईल, तेव्हा तेव्हा केवळ औषधरोधाची स्थाने न पाहता १३१ पासून १४६ पर्यंतच्या प्रदेशात शर्करेच्या नव्या जागा निर्माण झाल्या आहेत काय याचीही नोंद दप्तरी करावी, रक्तपेढ्यांतील तपासणीसंच अशा विषाणूंवर पारखून घ्यावेत, आणि ज्यांच्या रक्तात प्रतिजन व प्रतिपिंड दोन्ही एकत्र सापडतात अशा रुग्णांना प्रयोगशाळेची चूक समजून माघारी पाठवू नये.